जुन्या घरांना हाका

१

वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा वेलांटी सेहेचाळीस वर्षांची होती. खरं नाव अर्थातच वेगळं. पण मुद्रितशोधनाच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसून तिने लोकांच्या इतक्या वेलांट्या सुधारल्या होत्या, की छापखान्याने तिचं नावच बदलून टाकलं. पुढे भावाच्या तोंडीही तेच बसलं.

घरात दोघंच. ती आणि तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा दादा. दादाने उभी हयात चष्म्याच्या काचा घासण्यात घालवली होती. आता डोळ्यांनीच दगा देऊन सगळं अंधुक केल्यामुळे तो घरी असायचा, रेडिओ ऐकायचा, स्वयंपाक करायचा आणि वेलांटीची टिंगल करायचा.

टिंगलीला त्या वर्षी नवा विषय मिळाला होता. वेलांटीने एका शिकवणीत नाव घातलं होतं. कंपन्यांच्या संगणकांची कुलपं कच्ची आहेत का, हे त्यांच्याच परवानगीने तपासून द्यायचं, अशा कामाची ती शिकवणी.

"म्हणजे चोरी," दादा म्हणाला.

"चोर येण्याआधी चोरासारखं जाऊन बघणं. मुद्रितशोधनच ते. छापण्याआधी चूक पकडायची."

"आणि तुला या वयात कोण ठेवणार कामावर?"

"ज्यांच्या चुका फार आहेत ते."

शिकवणारी मुलगी जेमतेम सव्वीस वर्षांची. दुसऱ्या शहरातून फोनच्या पडद्यावर दिसायची. वेलांटी तिला गुरुबाई म्हणायची आणि अरेतुरे करायची. गुरुबाई हिला ताई म्हणून अहोजाहो करायची. पहिल्या दिवशी तिने वहीत एकच वाक्य लिहून घ्यायला लावलं: फक्त आपल्या घरात, फक्त आपल्या वस्तूंवर. दुसऱ्याच्या कडीला हात लावायचा नाही.

जुना लॅपटॉप होताच. पेन ड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स उतरवून घेतलं, ते लॅपटॉपमध्ये घालताना तीनदा चुकलं, चौथ्यांदा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धबधब्यासारखी पडायला लागली. वेलांटी खुर्चीतून उठून उभीच राहिली.

"दादा, चालू झालं!"

"काय दिसतंय?"

"काहीच नाही. काळं. आणि एक रेघ लुकलुकतेय. माझी वाट बघतेय."

कित्येक महिन्यांत आपली कोणी वाट बघितली नव्हती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. त्या लुकलुकत्या रेघेवर तिचा जीव जडला.

२

तिसऱ्या आठवड्यात हवेतलं ऐकायचा धडा आला. त्यासाठी एक छोटा अँटेना विकत आणावा लागला. बोटाएवढी काळी कांडी, लॅपटॉपच्या कडेला खोचायची. ती खोचली आणि गुरुबाईने सांगितलेल्या दोन ओळी टाइप केल्या, की आजूबाजूची सगळी वायफाय नावं पडद्यावर उतरायची. वरच्या मजल्याचं, समोरच्या दवाखान्याचं, खालच्या शिंप्याचं. नुसती नावं वाचायची. वाचायला कुलूप उघडावं लागत नाही.

"खाली अजून एक यादी आहे बघा," गुरुबाई म्हणाली. "वरची यादी राउटरांची. खालची फोनांची. फोन आपल्या ओळखीच्या वायफायपासून लांब असला ना, की तो अधूनमधून हाका मारतो. ऑफिस, आहेस का? मावशीचं घर, आहेस का? ओ आली तर जोडला जातो. नवे फोन जरा शहाणे झालेत, ते कमी ओरडतात. जुने मात्र सगळं आयुष्य बोलून दाखवतात."

"अगं बाई! म्हणजे खिशातला फोन रस्त्याने जुन्या घरांना हाका मारत चाललाय?"

"हो. माणूस एका जागी बसलाय, आणि फोन दुसऱ्याच घरांना विचारतोय."

वेलांटीला हे भलतंच आवडलं. दुपारी सगळी इमारत कामाला नाहीतर शाळेला गेलेली असायची. ती चहाचा कप घेऊन बाहेरच्या खोलीत बसायची आणि खालची यादी वाचायची. पोस्टमन जिन्यात आला की त्याचा फोन तीन नावं पुकारून जायचा. शिंप्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन कुठल्या तरी हॉटेलला हाका मारत बसायचा.

चौथ्या दुपारी एक ओळ देवनागरीत उमटली.

पीवळं घर.

तिचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. पि पहिली हवी. एकोणीस वर्षांची सवय. आधी चूक दिसते, मग शब्द. त्यामुळे शब्द तिच्यापर्यंत पोहोचायला एखादा क्षण जास्त लागला. पोहोचला तेव्हा तिने कप खाली ठेवला.

ओळ पुसली गेली. तिच्या जागी दुसरी आली. मग तिसरी. एकच यंत्र, प्रत्येक यंत्राचा स्वतःचा असतो त्या बारा अक्षरी पत्त्यावरून, पाच नावं फिरून फिरून पुकारत होतं.

जिन्याचं घर. चिंचोळं घर. पीवळं घर. पाण्याचं घर. दोन दारं.

३

वेलांटीचे वडील पूल बांधणाऱ्या खात्यात होते. पूल झाला की बदली. लहानपणी पाच घरं झाली, आणि प्रत्येक घर सोडताना सामानाच्या पेट्यांवर खडूने त्या घराचं नाव लिहायचं, हा भावंडांचा खेळ होता. तेवढीच मुलांची वटवट थांबायची म्हणून आईवडील लिहू द्यायचे. पहिल्या दोन घरांची नावं दादाने लिहिली. तिसऱ्याच्या वेळी वेलांटी नुकती लिहायला शिकली होती आणि हट्ट करून तिनेच सगळ्या पेट्यांवर लिहिलं होतं. पीवळं घर. दादा त्यावरून आठवडाभर हसला होता.

आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या पेट्या, तो खडू, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. आणि तेव्हा वायफाय कुठलं असायला? घरात साधा फोनही नव्हता.

"दादा, तू कोणाला सांगितलंयस का आपल्या घरांच्या नावांबद्दल?"

दादा वाटाणे सोलत होता. "कुठल्या घरांच्या?"

तिने पाचही नावं म्हणून दाखवली. दादाचा अंगठा शेंगेत अडकून राहिला.

"आज काय हे मध्येच?"

"माझ्या यंत्रात येतायत."

"तू घातली असशील."

"मी पीवळं कशाला घालेन? मी?"

हा मुद्दा दादाला पटला. तो विचारात पडला. त्याच्याकडे बटणांचा फोन होता, त्याला वायफाय म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. घरात दुसरं यंत्र नाही. तिचा स्वतःचा फोन टेबलावर होता. तो बंद केला तरी हाका चालूच होत्या.

गुरुबाईने डोकं खाजवलं. "ताई, कोणीतरी गंमत करतंय. असली नावं हवेत सोडता येतात."

"कोण करेल? आम्हा दोघांशिवाय ही नावं कोणाला माहीत नाहीत."

"तुम्ही कधी लेख वगैरे लिहिलात का? कोणाच्या लग्नात गप्पा मारल्यात?"

वेलांटीने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. चारेक जागा तिने वहीत लिहूनही काढल्या. एकीतही पाचही नावं आलेली नव्हती, आणि चुकीची वेलांटी तर कुठेच नाही.

घाबरली का ती? खरं सांगायचं तर नाही. अंगावर काटा आला, पण तो चांगलं कोडं सापडल्यावर येतो तसला. त्या रात्री ती गाढ झोपली, आणि सकाळी दात घासायच्या आधी लॅपटॉप उघडला.

४

यादीत प्रत्येक यंत्रासमोर एक उणे आकडा असतो. उणे नव्वद म्हणजे फार लांब. उणे तीस म्हणजे हाताशी. जसजसं जवळ जाल तसतसा आकडा शून्याकडे येतो.

वेलांटीने लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर धरला आणि घर फिरायला सुरुवात केली. बाहेरच्या खोलीत उणे एकाहत्तर. दादाच्या खोलीत उणे चौसष्ट. मधल्या बोळात, जिथे कपड्यांचं कपाट होतं, तिथे उणे साठ. न्हाणीघरात पुन्हा सत्तरच्या पलीकडे.

"डावीकडे गरम, उजवीकडे थंड," दादा मागून म्हणाला. तोही तिच्या मागे मागे निघाला होता.

"लपाछपी वाटतेय का तुला?"

"मग काय आहे?"

स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि आकडा उणे एक्कावन्न झाला. ओट्याशी सत्तेचाळीस. फ्रिज आणि खिडकी यांच्यामध्ये हातभर रुंद मोकळी भिंत होती, पांढरी, तिच्यावर खिळासुद्धा नाही. त्या भिंतीसमोर उणे बेचाळीस.

वेलांटीने भिंतीवर टकटक केलं. भरीव आवाज आला.

"पलीकडे काय आहे?" गुरुबाईने फोनवरून विचारलं.

"पलीकडे हवा आहे. तिसरा मजला आमचा."

तरीही ती खाली उतरली. इमारतीच्या मागच्या अंगणात उभं राहून तिने मान वर केली. त्यांची खिडकी, तिच्या बाजूला भिंतीचा पट्टा, एक पाण्याचा पाइप, पाइपावर दोन कबुतरं. बस्स. लॅपटॉप उघडून बघितला तर आकडा उणे ऐंशी. म्हणजे जे काही होतं ते बाहेरून लांब होतं आणि आतून जवळ.

ती वर आली आणि वहीत रोजची नोंद ठेवायला लागली. रोज दुपारी दोन वाजता, भिंतीसमोर, त्याच फरशीवर उभं राहून. बेचाळीस. एक्केचाळीस. चाळीस. अडतीस.

 

सहाव्या दिवशी ती आकडा बघत असताना दादा बोळातून आला आणि दारातच थांबला.

"तू केव्हापासून इथे आहेस?"

"दहा मिनिटं झाली असतील."

"मग बोळात मला आत्ता कोण घासून गेलं?" असं तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला. "डोळे गेले माझे. कपाटाचं दार उघडं असेल."

कपाटाचं दार बंद होतं. वेलांटीने ते बघितलं आणि त्याला सांगितलं नाही. आकडा उणे छत्तीस होता.

५

योगायोग म्हणा, पण पुढचा धडा नेमका ओ द्यायचा होता.

"यंत्र हाक मारतं," गुरुबाई म्हणाली, "पण ओ कोणी दिली हे त्याला कळत नाही. त्याच नावाचं वायफाय तुम्ही आपल्या लॅपटॉपवरून उभं केलंत, तर ते खुशाल तुमच्याकडे येऊन जोडलं जाईल. चोर हेच करतात. आपण आपल्याच फोनवर करून बघायचं, दुसऱ्याच्या नाही."

"आणि ते भिंतीतलं?"

गुरुबाईने हातातलं पेन खाली ठेवलं. तिच्यामागच्या खोलीत पंखा फिरत होता. "ताई, ते यंत्र तुमचं आहे का?"

"त्याला माझी वेलांटीची चूकसुद्धा माहीत आहे. मग ते माझं नाही तर कोणाचं?"

"हे उत्तर नाही झालं. मी तुमच्या जागी असते तर अँटेना काढून ठेवला असता."

"तू माझ्या जागी नाहीस म्हणून तर मला शिकवतेयस," वेलांटी म्हणाली. दोघी हसल्या, आणि विषय तिथेच राहिला.

त्या दिवशी जेवताना तिने दादाला सगळं समजावून सांगितलं. तिला वाटलं होतं तो उडवून लावेल. तो ताटात बोटाने रेघा ओढत बसला.

"म्हणजे इतके दिवस ते विचारतंय, घर आहे का म्हणून. आणि कोणीच हो म्हणत नाही."

"तसंच काहीतरी."

"वाईट वाटतं गं." मग जरा वेळाने, "देऊन बघ ओ. कोण आहे ते तरी कळेल."

"पाचातलं कुठलं नाव देऊ?"

"जिन्याचं घर," तो लगेच म्हणाला. "पहिलं ते. बाकीच्यांत आपण नुसते राहिलो. त्या घरात मजा होती. स्वयंपाकघरातूनच खाली लाकडी जिना उतरायचा, अकरा पायऱ्या. खाली थंडगार खोली. मी तुला काखेत घेऊन उतरायचो आणि आई ओरडायची."

"मला काही आठवत नाही."

"कसं आठवेल? सोडलं तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. निघताना केवढी रडलीस! गाडीत बसेनास. कशासाठी रडत होतीस ते कोणालाच कळलं नाही. बोलता कुठे येत होतं नीट."

दादाचा चेहरा इतका मोकळा झालेला तिने बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. तेवढ्यासाठी तरी करून बघावं, असं तिच्या मनाने घेतलं. कुतूहलाला निमित्त पुरतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला दादा स्वयंपाकघरात त्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. ती बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसली. मध्ये बोळ, त्यामुळे दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, आवाज मात्र नीट ऐकू येत होता.

"तयार?"

"मी काय करायचंय? उभा आहे."

तिने नाव टाइप केलं. जिन्याचं घर. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, सगळं दोनदा तपासलं. मग बोट टेकवलं.

पडद्यावर काही घडेना. हाका चालूच होत्या, एकीमागून एक.  आणि मग हाका थांबल्या. पाचही. खालची यादी रिकामी झाली आणि वर एकच ओळ आली.

एक यंत्र जोडलं गेलं.

"झालं दादा! आलं!"

दादाचं उत्तर आलं नाही. आवाज आला तो लाकडाचा. जुन्या फळीवर वजन पडलं की ती आधी कुरकुरते आणि मग ठक्क म्हणते, तसा. त्यांच्या घरात लाकडाची जमीन नव्हती, सगळीकडे फरशी होती. वरच्या मजल्यावर कोणी कपाट हलवत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. वरचे लोक सकाळीच कुलूप लावून गेले होते, हेही तिला आठवलं.

ठक्क. दुसरी. तिसरी. ती मोजत राहिली. मुद्रितशोधकाचं डोकं ओळी मोजल्याशिवाय राहत नाही. आवाज प्रत्येक वेळी जरा खालून, जरा लांबून येत होता. दहावीनंतर दादाचा आवाज आला, विहिरीत बोलल्यासारखा.

"सांभाळून हं. शेवटची उंच आहे."

अकरावी.

मग कोणीतरी हसलं. बाईचं हसणं. ओळखीचं होतं, अगदी ओळखीचं, पण कोणाचं ते लागेना. आईचं नव्हे, एवढं नक्की. आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐकला की पहिल्यांदा तो परका वाटतो, आणि मग लाज वाटते. वेलांटीला लाज वाटली, आणि त्यावरूनच तिला कळलं.

ती टेबलाशी तशीच बसून राहिली. खाली दोघं बोलत होते. शब्द लागत नव्हते. सूर लागत होता, भाऊबहिणींच्या गप्पांचा, मध्येच एकमेकांचं वाक्य तोडण्याचा. ते किती वेळ चाललं हे तिला पुढे कधी सांगता आलं नाही. लॅपटॉपच्या घड्याळात चार मिनिटं झाली होती. मग पायऱ्या पुन्हा वाजायला लागल्या. या वेळी वर.

सहावी वाजली तेव्हा ती उठली. बोळ ओलांडून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

दादाची पाठ दिसली. तो वर आला होता. फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या भिंतीकडे तोंड करून, कमरेत वाकून, खाली कोणाला तरी हात देत होता. त्याच्या अंगाआड बाकीचं सगळं झाकलेलं होतं. फरशीची रेघ त्याच्या पायांशी आली होती आणि तिथून पुढे अंधारात मोडली होती. खालून गार, दमट वास येत होता. आणि त्याच्या कोपराखालून, पायरीपायरीने वर येणारा, एका बाईच्या डोक्याचा भाग होता. मधोमध भांग. भांगाच्या डाव्या बाजूला पांढरे केस झाले होते.

आपलं डोकं वरून कसं दिसतं हे कोणीच बघितलेलं नसतं. तरी वेलांटीचा हात आपोआप आपल्या भांगाकडे, डाव्या बाजूला गेला.

पायरी वाजली. भांग आणखी वर आला. आता कपाळ दिसणार होतं.

ती पळाली. टेबलाशी पोहोचून तिने काळी कांडी उपटून काढली.

७

"दादा!"

तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. उजवा तळवा भिंतीवर टेकवलेला. भिंत पांढरी, कोरडी, जिथली तिथे. फरशी खिडकीपर्यंत अखंड. त्याच्या एका पायात चप्पल होती. दुसरी त्यांनी नंतर घरभर शोधली. ती आजतागायत सापडलेली नाही.

"दादा, इकडे बघ."

तो सावकाश वळला. दारात अनोळखी माणूस उभा राहिला की आपण जसं पायापासून वर बघत जातो, तसं त्याने तिच्याकडे बघितलं.

"बंद कोणी केलं?"

"मी."

"तू कशी करशील? तू माझ्या मागे होतीस."

"मी बाहेरच्या खोलीत होते. उठलेसुद्धा नाही." हे खोटं होतं. का बोलली तिचं तिलाच कळलं नाही.

"हात धरला होता मी तुझा," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. हिशेब लागत नसल्यासारखा तो बोलत होता. "खाली उतरलो दोघं. बोललो. मग तू म्हणालीस, चल वर. मी पुढे, तू मागे. दोनच पायऱ्या राहिल्या होत्या गं."

"ती मी नव्हते."

"तू नव्हतीस."

"नाही."

त्याने मान हलवली, ऐकून घेतल्यासारखी. मग विचारलं, "जिन्याचं घर सोडताना तू कशासाठी रडत होतीस?"

"मला कसं आठवेल? तूच म्हणालास ना काल, मी दोन वर्षांची होते."

"हो." दादा भिंतीकडे वळला. "तिला आठवत होतं."

"काय म्हणाली?"

वेलांटीने हे विचारायला नको होतं, पण तिचा स्वभाव कुठे जाणार? एवढ्या सगळ्यातही तिला ते जाणून घ्यायचं होतं, अगदी आतून.

दादाने तोंड उघडलं, तिच्याकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं, आणि मिटलं.

८

तीन आठवड्यांत वेलांटीला काम मिळालं. एका कंपनीने परीक्षा घेतली, तिने त्यांच्या कुलपातल्या चौदा चुका काढून दिल्या, त्यांनी घरबसल्या ठेवून घेतलं. गुरुबाई पडद्यावर टाळ्या वाजवत होती. "भिंतीतल्याचं काय झालं ताई?" तिने मध्येच विचारलं. वेलांटीने सांगितलं, थांबलं ते.

ते खरंच थांबलं होतं. दुसऱ्या दिवसापासून खालच्या यादीत पोस्टमन येत होता, शिंप्याची गिऱ्हाइकं येत होती, पण त्या बारा अक्षरी पत्त्यावरून एकही हाक नाही. वेलांटीने भिंतीसमोर उभं राहून तीनदा जिन्याचं घर पुन्हा मांडून बघितलं. तासन्‌तास. पहिल्यांदा भीत भीत, दुसऱ्यांदा चिकाटीने, तिसऱ्यांदा जवळजवळ विनवणी केल्यासारखं. कोणी आलं नाही. हाक बंद झाली असेल तर ओ देऊन काय उपयोग?

डॉक्टरांनी दादाला तपासलं. वयाच्या मानाने उत्तम, म्हणाले. स्मरणशक्ती तर तुमच्या बहिणीपेक्षा चांगली आहे.

तो सगळं पूर्वीसारखंच करत होता. रेडिओ, वाटाणे, वरण, भात. टिंगल मात्र थांबली. आणि एके सकाळी चहा देताना तो म्हणाला, "साखर बघून घ्या."

"घ्या?" वेलांटी हसली. "मी केव्हापासून घ्या झाले?"

"चुकून आलं," दादाही हसला. "घे."

पण ते पुन्हा आलं. दुपारी आलं, दुसऱ्या दिवशी आलं. तुम्ही जेवलात का. तुमचा फोन वाजतोय. रागाने नाही, कुत्सितपणे तर नाहीच. घरी राहायला आलेल्या भल्या माणसाशी आपण जितक्या अदबीने बोलू तितक्या अदबीने. ती प्रत्येक वेळी सुधारायची. तो प्रत्येक वेळी माफी मागायचा. मग तिने सुधारणं सोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने एक चूक तशीच राहू दिली, कारण ती खरंच चूक आहे का, हे तिला छातीठोकपणे सांगता येईना. ती आरशासमोर जायची, दुसरा छोटा आरसा डोक्यावर धरायची आणि भांग बघायची. भांग होता तिथेच होता. त्यावरून काय सिद्ध होणार?

गेल्या मंगळवारी दुपारी काम लवकर संपलं. ती पाणी प्यायला उठली. बोळातच तिला दादाचा आवाज ऐकू आला, दबका, लाडाचा.

"...तशी बरी आहे गं. कामाची आहे. त्रास काही देत नाही. पण तू सांग, तिथे अंधार फार नाही ना? जेवलीस का?"

मध्ये थांबला. ऐकून घेतल्यासारखा. मग खुदकन हसला.

वेलांटी दारात आली. दादा स्टूल घेऊन त्या पांढऱ्या भिंतीशी बसला होता, कपाळ जवळजवळ टेकलेलं. तिची चाहूल लागताच तो गडबडीने उठला आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"या ना," तो म्हणाला. "बसा. उभ्या का तुम्ही?"